रावबहादूर चालतात, मग शिपाई का नाही? आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सगळे सदस्य,
सप्रेम नमस्कार.

जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनातून माझ्या पणजोबांचं पोलीस पदक काढून टाकायचा जो निर्णय तुम्ही घेतलात तो मला मान्य नाही, आणि गप्प बसून मी तो सहन करणार नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मंडळ माझंही आहे, लहानपणी वडिलांचं बोट धरून गणपतीच्या कार्यक्रमांना यायचे तेव्हापासूनचं आहे, आणि इंदूरच्या ज्या मराठी माणसांना हे कळायला हवं त्यांना नावाशिवायही कळेल. सचिवांना फोन करून झाला, अर्ज देऊन झाला, "मीटिंगमध्ये घेऊ" याच्यापुढे गाडी गेली नाही. म्हणून आता जाहीर.

पदक मी स्वतःहून आणून दिलं नव्हतं हे आधी स्पष्ट करते. तुम्ही ग्रुपवर मेसेज टाकलात की ज्यांच्या घरी शंभरेक वर्षं जुन्या वस्तू, कागद, फोटो असतील त्यांनी द्या, नंतर एक सदस्य घरी येऊन बघून गेले, "ताई हे तर पाहिजेच" म्हणाले, तेव्हा दिलं. उद्घाटनाच्या दिवशी मी आमच्या धाकट्या सुनेला आणि नातवाला घेऊन आले तर काचेच्या कपाटात त्या जागेवर कोणाच्या तरी घरची अत्तरदाणी. कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. विचारल्यावर कळलं की आदल्या संध्याकाळी कोणीतरी हरकत घेतली, इंग्रजांची चाकरी करणाऱ्याचं पदक आपण का मिरवायचं, आणि उगीच वाद नको म्हणून काढलं. रात्री ग्रुपवर पोस्ट पण आली, "वादग्रस्त ब्रिटिश पदक तूर्त हटवण्यात आले आहे". वादग्रस्त! वाद कोणाशी झाला? माझ्याशी तर कोणी एक शब्द बोललं नाही.

त्या पदकामागे काय आहे हे विचारायचे कष्ट तुमच्यातल्या एकानेही घेतले नाहीत, म्हणून इथे सांगते.

माझे पणजोबा पश्चिम खानदेशात पोलीस शिपाई होते, म्हणजे आजचा धुळे-नंदुरबारचा भाग, तेव्हा मुंबई इलाख्यात. साल १९२० च्या दशकातलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी जत्रेचा बंदोबस्त संपवून ते रात्री चौकीकडे परत निघाले होते, बरोबर कोणी नाही, हातात लाठी आणि कंदील, बंदूक चौकीवर. गावाच्या टोकाला सोनाराच्या घरी दरोडा पडला होता. आरडाओरडा ऐकून लोकांनी आपापली दारं आतून लावून घेतली होती आणि त्यात त्यांचा दोष नाही, दरोडेखोरांकडे कुऱ्हाडी होत्या आणि एक बंदूक पण होती. पणजोबांनी कंदील विझवला आणि परसदाराने आत शिरले. सोनाराची दोन लेकरं धान्याच्या कणगीमागे दडून बसली होती, त्यांना एकेक करून कुडावरून शेजारच्या गोठ्यात उतरवलं. तिथून ते निघून जाऊ शकत होते. पण लेकरांनी सांगितलं आजी आत आहे, म्हणून परत आत गेले, आणि म्हातारीला ओढून बाहेर काढताना डाव्या खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला. तशा अवस्थेत त्यांनी एकाला कमरेला मिठी मारून जे धरलं ते लोक येईपर्यंत सोडलं नाही. म्हातारी वाचली, लेकरं वाचली. जिल्ह्याच्या पोलीस सुपरिंटेंडेंटने वर जी शिफारस पाठवली तिची टाईप केलेली नक्कल आमच्या घरी आहे, त्यात हे सगळं आहे, आणि ती नक्कल पदकाबरोबर मी तुम्हाला दिली होती. ती कोणी वाचली?

माझी आजी त्यांची सून. ती सांगायची की डावा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही, रोज सकाळी पटका बांधताना ते एक टोक दाताखाली धरायचे आणि भिंतीला पाठ लावून उजव्या हाताने वेढे घ्यायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते पेन्शनीत गेल्यावर आजोबांना इकडे मालवा मिलमध्ये कारकुनी मिळाली आणि आमचं घर इंदूरला आलं. येताना जी एक पत्र्याची पेटी आली त्यात हा बिल्ला होता. आमच्या घरी त्याला बिल्लाच म्हणायचे.

आता पदकाबद्दल, कारण यावरही चुकीचं बोललं गेलं.

कार्यकारिणीतले एक जण मला म्हणाले, अहो त्याच्यावर शौर्य असं कुठे लिहिलंय, हे तर नोकरीची वर्षं भरली म्हणून द्यायचे तसलं असेल. नाही. हे किंग्ज पोलीस मेडल आहे. ७ जुलै १९०९ ला राजा सातव्या एडवर्डने ते सुरू केलं. त्याच वर्षी जानेवारीत लंडनच्या टॉटनहॅम भागात दोन पिस्तुलधाऱ्यांनी एका रबर कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटली, पोलिसांनी आणि लोकांनी मिळून दोन तासांवर, सुमारे सहा मैल त्यांचा पाठलाग केला, त्यात टायलर नावाचा कॉन्स्टेबल आणि १० वर्षांचा एक मुलगा मारला गेला. पोलिसांच्या अशा हिमतीसाठी वेगळं पदकच नाही हे तेव्हा लोकांना जाणवलं आणि मग हे पदक आलं. म्हणजे याचा उगमच पगाराच्या थैलीवर पडलेल्या दरोड्यात आहे. मूळ नियमात वर्षाला जास्तीत जास्त १२० पदकं, त्यातली अख्ख्या हिंदुस्थानासाठी ५०. तेव्हाचा हिंदुस्थान म्हणजे आजचा पाकिस्तान, बांगलादेश, ब्रह्मदेश सगळं धरून, आणि हे ५० शौर्य आणि उत्तम सेवा दोन्ही मिळून. त्यातही एका साध्या शिपायापर्यंत ते पोचणं म्हणजे काय ते विचार करा.

आणि "शौर्य लिहिलेलं नाही" याचं उत्तर असं की १९३३ पर्यंत शौर्याचं आणि सेवेचं पदक एकच होतं. १९३३ पासून मागच्या बाजूला शौर्यासाठी की सेवेसाठी हे वेगवेगळं कोरायला लागले आणि शौर्याच्या रिबनीवर बारीक लाल रेघा आल्या. त्याच्या आधीच्या कुठल्याच पदकावर ते सापडणार नाही. त्यासाठी पदकाची कड बघायची असते, तिथे हुद्दा, नाव आणि कुठलं पोलीस दल ते कोरलेलं असतं, आणि मग नाव घेऊन गॅझेट बघायचं. लंडन गॅझेटचे जुने अंक आज कोणालाही घरबसल्या फुकट बघता येतात. मुंबई इलाख्याचे कागद मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. तपासायचं असतं तर तपासता आलं असतं.

सगळ्यात मोठी हरकत पुढच्या बाजूच्या राजाच्या मुंडक्यावर आहे. हो, आहे. पाचवा जॉर्ज आहे. मागच्या बाजूला काय आहे ते पण बघायचं होतं, तलवारीवर टेकून उभा असलेला एक पहारेकरी आहे, त्याच्या ढालीवर लोकांचं रक्षण करण्याबद्दलचे शब्द आहेत आणि पाठीमागे तटबंदी असलेलं गाव. तुम्ही एकच बाजू बघितलीत.

एका ज्येष्ठ सदस्यांनी जो प्रश्न मला विचारला त्याचा मी मान ठेवते, कारण तो खरा प्रश्न आहे. ते म्हणाले, उद्या तंट्या मामाला पकडणाऱ्याचा बिल्ला कोणी आणला तर तो पण लावायचा का? आपण इंदूरची माणसं, पाताळपाणीला तंट्या मामाचं स्थान आहे, तिथे रेल्वेगाड्या थांबून पुढे जायच्या हे लहानपणापासून ऐकत आलोय. इंग्रजांच्या कागदात ते दरोडेखोर होते, ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्यांना फाशी दिलं, आणि लोकांनी त्यांना देव केलं. इंग्रजांचा कागद म्हणतो म्हणून प्रत्येक जण दरोडेखोर ठरत नाही हे मला मान्य आहे, शंभर टक्के. अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ मध्ये त्यांनीच केला होता आणि तो डाग पुसायला १९५२ उजाडावं लागलं. म्हणूनच मी जो मजकूर दिला होता त्यात हल्ला करणारे कोण, कुठल्या जातीचे, एक अक्षर नाही. घरात कोण होतं आणि त्यांना कोणी बाहेर काढलं एवढंच आहे.

त्याहून अवघड गोष्ट मीच सांगते, तुम्ही काढायच्या आधी. ज्या खात्यात पणजोबा होते त्याच खात्याने ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. तोच जिल्हा. पणजोबा त्याच्या कितीतरी आधी पेन्शनीत गेले होते, पण ते जाऊ दे, मी खात्याची वकिली करत नाहीये. आणि हेच पदक बंगालमध्ये क्रांतिकारकांच्या मागावर असलेल्या चार्ल्स टेगार्टलाही मिळालं होतं, ते सुद्धा मला माहीत आहे. तसलं पदक आमच्या घरात असतं तर मी ते मंडळात आणलं नसतं. म्हणून तर म्हणते की पदक कोणाच्या हातून मिळालं एवढ्यावर निकाल देऊ नका, कशासाठी मिळालं ते वाचा. प्रत्येकाची हकीकत वेगळी असते आणि ती लिहून ठेवलेली असते.

नाहीतर मग नाईक यशवंत घाडगेंचं काय करायचं? १० जुलै १९४४ ला इटलीत ते मारले गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो सुद्धा इंग्रज राजाचाच. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि लोक तिथे मान झुकवतात. सॅम माणेकशांना १९४२ मध्ये ब्रह्मदेशच्या लढाईत मिलिटरी क्रॉस मिळाला, तो ते स्वतंत्र भारताच्या वर्दीवर लावायचे, १९७१ चं युद्ध जिंकून दिलं तेव्हाही. देशाने त्यांना काढून टाका म्हणलं नाही. आपल्या सरकारने १ मार्च १९५१ ला राष्ट्रपतींच्या नावाने पोलीस पदकं सुरू केली, म्हणजे राजा गेला पण पोलिसाच्या हिमतीची कदर करायची पद्धत ठेवली. आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तुकाराम ओंबळेंनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, तेव्हा आपल्याच हॉलमध्ये श्रद्धांजली झाली होती, मी होते तिथे, सगळे रडले होते. माझ्या पणजोबांच्या हातात पण लाठीच होती हो.

दिल्लीला राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं २०१८ मध्ये, तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं आहेत. ते योग्यच आहे. पण त्याच्या आधीचे जे शिपाई गावोगाव रात्री-अपरात्री लोकांसाठी उभे राहिले त्यांचं नाव कुठे घेतलं जातं? कुठेच नाही. त्यांच्या घरच्या पेटीत जे काही राहिलं असेल तेवढंच.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते.

माझं पदक काढलं त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात, रावबहादुरकीची सनद आहे. तिच्यावर व्हाइसरॉयचा शिक्का आहे. शेजारी १९११ च्या दिल्ली दरबाराचं चांदीचं पदक आहे, त्याच्यावरही तोच पाचवा जॉर्ज आहे, आणि राणी मेरी पण आहे. ते पदक दरबाराच्या निमित्ताने हजारोंनी वाटलं होतं. भिंतीवर रेसिडेन्सीतल्या गार्डन पार्टीचा फोटो आहे, आपले फेटेवाले इंग्रज साहेबाच्या मागे ओळीने उभे. यातलं एकही तुम्ही काढलं नाहीत. कोणी हरकत पण घेतली नाही. ती घराणी मोठी आहेत, त्यातल्या काहींनी मंडळाला देणग्या दिल्यात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि त्यांच्या वस्तू काढा असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांनी शहरासाठी पुष्कळ केलंय. मी एवढंच विचारते की राजाचं तोंड वरच्या कप्प्यात चालतं आणि खालच्या कप्प्यात का चालत नाही? पदवीची सनद म्हणजे वारसा, आणि खांदा मोडून घेऊन शिपायाने मिळवलेलं पदक म्हणजे चाकरी, हा हिशोब कोणी केला? महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर जो माणूस दुसऱ्याच्या म्हातारीसाठी परत आत गेला त्याला लाचार म्हणायचं? हे मला सहन होत नाही. माझे पणजोबा काही मोठे नव्हते, आमच्याकडे ना वाडा होता ना जहागीर, दाखवायला हेच एक होतं.

आणि परत मिळालं ते कसं मिळालं ते पण सगळ्यांना कळू दे. प्लास्टिकच्या पिशवीत, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून. चकचकीत घासलेलं. कोणीतरी पावडरने घासलं, "काळं पडलं होतं म्हणून" असं सांगितलं गेलं. अहो शंभर वर्षांची चांदी काळीच पडते, ती तशीच ठेवायची असते, कडेवरचं कोरीव नाव त्या घासण्याने पुसट झालंय, हुद्दा तर आता भिंगाशिवाय वाचता येत नाही. वर सांगितलं ना की कड हाच पुरावा असतो, त्याच्यावरच हात फिरवला. आणि मूळ रिबन गायब आहे. गडद निळी, दोन्ही कडांना आणि मधोमध रुपेरी पट्टा, जुनी होती, एका टोकाला विरली होती, पण ती पणजोबांच्या छातीवर लागलेली होती. त्या जागी साध्या निळ्या सॅटिनचा तुकडा टाचणीने लावलाय. ज्याने केलं त्याने चांगल्या हेतूने केलं असेल, मी कोणावर आरोप करत नाही, पण विचारायला हवं होतं. टाईप केलेली नक्कल मात्र परत आलीच नाही.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी लिहून देते.

पदक प्रदर्शनात परत लावा, आधी जिथे होतं त्याच कपाटात, शेजारी पूर्ण हकीकत लावा, मजकूर मी दिलेला आहे, त्यात तुम्हाला काही कमी-जास्त वाटलं तर माझ्याशी बसून बोला. पदक इंग्रज राजवटीतलं आहे हे ठळक लिहा, मला काही हरकत नाही, नंदुरबारचं लिहायचं असेल तर ते पण लिहा, शाळेची पोरं येतात त्यांनी दोन्ही वाचावं. ग्रुपवरची ती "वादग्रस्त" वाली पोस्ट काढा आणि का काढली ते तिथेच लिहा. माझी रिबन आणि शिफारशीची नक्कल शोधा, हॉलच्या स्टोअरमध्ये, खोक्यांत, कोणाच्या घरी राहिली असेल तर घरी, पण शोधा. यापुढे कोणाच्याही घरची वस्तू घेताना लेखी पावती द्या, फोटो काढून ठेवा, आणि मालकाला न विचारता कोणी काही घासू नका, पुसू नका, बदलू नका. आणि इंग्रज काळातल्या वस्तूंबद्दल काय ठेवायचं काय नाही याचा एक नियम करा, तो लिहा, आणि तो रावबहादुरांना आणि शिपायांना सारखा लावा. नियम असा ठरला की राजाचा शिक्का असलेलं काहीच नको, तर मी मुकाट्याने पदक घरी ठेवीन, पण मग वरचा कप्पा पण रिकामा व्हायला हवा.

उत्तर लेखी हवं, अध्यक्षांच्या सहीने. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. शनिवारी सकाळी मी पदक घेऊन हॉलवर येते आहे, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांनी कृपया थांबावं.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
रामबाग, इंदूर